शून्य किमतीची पद्मिनी

चांदूर बाजारात संत्र्याचा आंबिया बहार उतरू लागला की माणसांना दुसरं काही सुचत नाही. अशाच एका नोव्हेंबरात माझ्या जुन्या खातेदाराच्या घरून निरोप आला : गाडी पाहून जा. खातेदार जाऊन वर्ष झालं होतं. गाडी म्हणजे १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. गोठ्याशेजारी, ढेपेच्या पोत्यांआड उभी होती.

"भंगारवाला पंचवीस हजार देतो म्हणते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही बँकेतले. किंमत काढून द्या."

आम्हा बँकवाल्यांचं शस्त्र एकच, घसारा. दरवर्षी ठरावीक टक्के वजा करत जायचं. पंधरा-वीस वर्षांत गाडी नावापुरती उरते. हौशी संग्राहकांचा हिशेब मात्र उलटा चालतो. पोर्श कंपनीची १९७३ ची 'कॅरेरा आरएस २.७' ही स्पोर्ट्स कार घ्या. शर्यतीत उतरण्यासाठी नियमानं पाचशे गाड्या बनवणं भाग होतं; गिऱ्हाइकं वाढली आणि १५८० बनल्या. आज ती कोटींत विकली जाते. पण घेणारा आधी इंजिन आणि सांगाड्यावरचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी ताडून पाहतो. इंजिन बदललेलं निघालं की भाव कोसळतो. रंग पुन्हा देता येतो, गाद्या पुन्हा शिवता येतात; नंबर पुन्हा आणायचा कुठून?

आपल्याकडे त्या काळी असली गाडी कोणाच्या दारात येणार? आमची स्पोर्ट्स कार हीच, वालचंद हिराचंदांच्या कंपनीनं कुर्ल्यात बनवलेली, इटलीच्या फियाटची बहीण. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. हसू नका, मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर याच जातीच्या गाड्या सुधारून शर्यतीत पळवत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, आणि हौशी लोक आता मूळ रूपातली पद्मिनी शोधत फिरतात. २०२१ च्या केंद्रीय नियमानं पन्नास वर्षांवरच्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र सांगाडा, बॉडी, इंजिन यांत फेरफार केलेला चालत नाही.

वहिनींनी १९७४ चं बिल, आरसी बुक, विम्याच्या पावत्या, सगळं ट्रंकेत जपलं होतं. मी मनात आकडा चढवत होतो. मग बॉनेट उघडलं. आत डिझेल इंजिन.

आणि मला आठवलं. १९९१ साल. पेट्रोल परवडेना म्हणून या गृहस्थानं इंजिन बदलायला कर्ज मागितलं होतं. कागद मीच रंगवले, शिफारसही माझीच. "शहाणपणा केलात," असं वर म्हणालोही होतो. हप्ता एकही चुकला नाही.

"जुनं इंजिन कुठं विकलं?" मी भीतभीत विचारलं.

"विकते कायले? बगीच्यातल्या खोलीत पडेल हाये."

आम्ही तडक बगीच्यात गेलो. फाटक्या ताडपत्रीखाली ते होतं; उंदरांनी संसार मांडलेला. चिंधी डिझेलात बुडवून मी पुसत गेलो आणि वहिनींचा मुलगा बिलावरचा एकेक आकडा वाचत गेला. पहिले चार जुळले. पाचव्यावर गंजाचा जाड पापुद्रा होता.

"घासा अजून," वहिनी म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतःच खाली बसल्या.