बाबांच्या वाढदिवसाचा सूर्य

शुक्रवारची रात्र, डेडलाइन आटोपलेली, तरी झोप नाही. टाइमपास म्हणून कोडाईकनाल वेधशाळेचं डिजिटल अर्काइव्ह उघडलं आणि दोन कधी वाजले कळलंच नाही!

मामला साधा आहे. तमिळनाडूतल्या या डोंगरावर १९०४पासून, आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी, सूर्याचे फोटो काढले गेले. आधी काचेवर, नंतर फिल्मवर. आता ते स्कॅन झालेत, कुणीही बघावेत. पुण्यातली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा १९१२मध्ये बंद झाली, तेव्हा तिची मोठी दुर्बीणही इथेच आली होती. (पुणेकरांनो, नोंद घ्या.)

तुम्ही म्हणाल, जुने फोटो हवेत कशाला? आज ‘आदित्य एल-१’वरची पुण्याच्या आयुकाची ‘सूट’ दुर्बीण सूर्याचे झकास फोटो काढते. पण तिला मागे जाता येत नाही ना! सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात, ओसरतात. अशी दहा चक्रं अभ्यासायची, तर या काचाच लागतात. एक फुटली, की तो दिवस गेला.

मग मी बाबांची जन्मतारीख टाकली. १९५७. डागांच्या मोजणीतलं सगळ्यात जोरदार चक्र तेव्हा ऐन भरात होतं. फोटो होता! लगेच बाबांना पाठवला. माझा वाढदिवस जुलैतला. तिथे काहीच नाही. ढग असणार.

सकाळी बाबांचा मेसेज : ‘डाग किती आहेत गं?’

मोजतेय अजून.