आठ घरांचा ठेका

वृत्ते शिकवता शिकवता माझी वीस वर्षे गेली. मात्रा मोजणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तरीही मात्रा म्हणजे काय, हे मला नीट कळले ते गेल्या भाऊबीजेला, आणि तेही एका डब्यामुळे! माझे विद्यार्थी हे वाचून हसतील. हसोत बापडे!

हा डबा आमच्या चिरंजीवांनी घरात आणला. ते अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. शेजारच्या मुलांच्या शिकवण्या करून साठवलेले पैसे त्यांनी त्यात घातले. "ह्याचा उपयोग काय?" असे सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा उत्तर आले, "हा स्टेप सिक्वेन्सर आहे." ह्या उत्तराने कोणाचेच समाधान झाले नाही.

वस्तू म्हणाल तर एवढीशी. जपानच्या कॉर्ग कंपनीने २०१५ साली बाजारात आणलेली, नाव एस्‌क्यू-१. दोन पेन्सिल सेलवर चालते. वर गोल बटणे, जुन्या रेडिओला असत तशी, आठ-आठांच्या दोन ओळींत. प्रत्येक बटण म्हणजे एक घर. ह्या डब्याला स्वतःचा आवाज नाही. तो शेजारच्या सिंथेसायझरला विजेचा दाब पाठवतो. बटण जास्त फिरवले की दाब वाढतो आणि स्वर चढतो. एक दिवा पहिल्या घरापासून आठव्या घरापर्यंत धावतो आणि पुन्हा पहिल्या घरात येतो. ज्या घरात दिवा, त्या घराचा स्वर वाजतो. दोन्ही ओळी एकापुढे एक जोडल्या की सोळा घरे होतात. आमच्या आकुर्डीच्या कामगाराला हे चटकन समजावे. इंजिनातला कॅमचा दांडा दर फेऱ्याला ठरल्या जागी झडप उघडतो ना, तशातलाच हा प्रकार.

भाऊबीजेला मामा आले. ते चिंचवडगावात राहतात. आई अजूनही त्यांना पाटावर बसवून ओवाळते. तरुणपणी मामा ढोलकी आणि कोंगो वाजवीत. ऐंशीच्या दशकात आमच्या कामगार वस्त्यांत गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रांची मोठी चलती होती. पुढे रिदम मशीन आले. एका वर्षी मामांच्या मालकाने चार तालवादकांच्या जागी एक पेटी आणि ती चालवणारा एक पोरगा ठेवला. त्या चौघांत मामा होते. नंतरचे आयुष्य त्यांनी एका वर्कशॉपात ड्रिलिंग मशीनवर काढले. हा विषय आमच्या घरात कोणी काढीत नसे.

ओवाळणे झाले, फराळाच्या ताटल्या आल्या, आणि नेमका आतल्या खोलीतून ठेका सुरू झाला. मामांच्या हातातली चकली हातातच राहिली.

"हेच ते," मामा म्हणाले. "ह्यानंच आम्हाला घरी बसवलं."

चिरंजीव बाहेर आले ते वरमूनच. पण गप्प बसले नाहीत. "मामाआजोबा, ह्याच जातीच्या यंत्रावर मुंबईच्या एका वादकानं राग वाजवलेत. ऐकता?"

ती हकीकत वाचकांनीही ऐकण्यासारखी आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे मुंबईचे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड ह्या जपानी कंपनीची तीन यंत्रे एकत्र जोडली : तालासाठी टीआर-८०८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि सुरावटीसाठी ज्युपिटर-८. ह्यांतले ३०३ म्हणजे सोळा घरांचा सिक्वेन्सर आणि छोटा सिंथेसायझर एकाच डब्यात. बास गिटार वाजवणारा साथीदार नसेल तर त्याची उणीव भरून काढावी म्हणून ते बनवलेले. पण वापरायला किचकट, त्यामुळे ते फारसे खपले नाही आणि १९८४ साली बंद पडले. चरणजित सिंगांनी ह्या यंत्रांवर ललत, भूपाळी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. ग्रामोफोन कंपनीने तबकडी काढली. ती चालली नाही.

पुढे १९८७ साली अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी त्याच ३०३ मधून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही ध्वनिमुद्रिका केली आणि नृत्यसंगीताची एक नवी तऱ्हा जगभर गाजली. २०१० साली हॉलंडमधून मुंबईची ती विसरलेली तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा जाणकारांनी तोंडात बोट घातले. हा आवाज मुंबईत पाच वर्षे आधीच निघालेला होता! उतारवयात चरणजित सिंगांना युरोपातून आमंत्रणे आली. २०१५ साली ते वारले.

मामांनी यमन डोळे मिटून ऐकला. "खालचा खर्ज यंत्राचा," ते म्हणाले, "पण वरचा हात माणसाचा आहे." मग जरा थांबून म्हणाले, "आण बघू तो डबा इकडे."

दिवा धावू लागला. "आठ घरं. म्हणजे केरवा झाला. सम कुठाय?"

चिरंजीवांनी पहिल्या घराकडे बोट दाखवले.

"ते तुला ठाऊक. ह्याला कुठं ठाऊक आहे? ह्याला आठही घरं सारखीच."

खरेच होते. डोळे मिटून ऐकले तर आवर्तन कोठून सुरू होते तेच कळेना. मग चिरंजीवांनी एक युक्ती केली. वरच्या ओळीकडे स्वर ठेवले आणि खालची ओळ सिंथेसायझरच्या फिल्टरला जोडली. फिल्टर म्हणजे आवाजाची गाळणी. दाब वाढला की स्वर खुला होतो, कमी झाला की दबतो. आता खालच्या आठ बटणांनी प्रत्येक मात्रेचे वजन ठरणार होते. मामांची बोटे पुढे सरसावली. पहिले घर त्यांनी पूर्ण खुले केले. पाचवे, जिथे केरव्याची खाली येते, ते जवळजवळ मुके केले. सातवे किंचित वर आणले. स्वर तेच, गती तीच. पण ठेका डोलू लागला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि विचारू लागली, "कोण वाजवतंय?"

"आता सात कर," मामा म्हणाले. नको ते घर गाळण्याची सोय ह्या डब्यात आहे. आठवे घर गाळले आणि रूपकाच्या सात मात्रा झाल्या. पण रूपकाची समच खालीवर. तेव्हा मामांनी पहिले घर दाबले आणि चौथे, सहावे उघडले. चिरंजीव वही काढून लिहून घेऊ लागले.

मी नुसता पाहत होतो. फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करून मी मात्रा मोजीत आलो. मोजणी बरोबर आली की काम झाले, असे मला वाटे. मोजणी तर हा डबा माझ्याहून चोख करतो. भार कोणत्या मात्रेवर द्यायचा आणि रिकामी कोणती सोडायची, हे मात्र मोजून कळत नाही.

धीर करून मी विचारले, "मामा, राग गेला का?"

"यंत्रावर राग धरून काय करू? ते काही मला काढायला आलं नव्हतं. चार माणसं परवडतात की एक पेटी, हा हिशेब मालकानं केला, पेटीनं नाही. आमच्यातल्या एकाला जरी त्या बटणांपाशी बसवलं असतं..."

पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

आमच्याकडे हा प्रश्न ऑर्केस्ट्रापुरता नाही. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांत यंत्रमानव वेल्डिंग करतात. यंत्र येते ते थांबवता येत नाही, हे खरे. पण ज्याच्या हातात ते काम मुरलेले आहे त्याला बाहेर काढायचे, की त्यालाच बटणांपाशी बसवायचे, हे कोणतेही यंत्र ठरवीत नाही.

असो. यंदाच्या भाऊबीजेचा निरोप परवाच आला. मामांनी माळ्यावरची ढोलकी काढून तिला नवी पुडी चढवून घेतली आहे.