रस्ता आणि रान – भाग ७ : टायर निवडताना आधी माती बघा

सस्पेन्शन झालं. आता त्याच्याही खालची गोष्ट घेऊ, टायर. डांबरावर धावणारी आणि पाणंदीतही उतरणारी मोटरसायकल ज्यांच्याकडे आहे, त्यांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथे. दुकानात गेल्यावर डोळा नक्षीवर जातो. मोठमोठी बटनं दिसली की टायर दमदार वाटतो आणि सौदा होतो. खरं तर दुकानात जाण्याआधीच दोन गोष्टी ठरलेल्या असायला हव्यात. आपण वर्षभर कुठल्या वाटेने जातो? आणि त्या वाटेवर पडायची शक्यता नेमकी कुठे आहे?

उदाहरण मलकापूरचं घेतो, कारण टायरची याहून कठीण परीक्षा शोधून सापडणार नाही. कोल्हापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, रत्नागिरीच्या वाटेवरचं हे शाहूवाडी तालुक्याचं गाव. पूर्वेला बांबवडेमार्गे कोल्हापूरकडे महामार्ग जातो. पश्चिमेला तोच रस्ता आंबा घाटाने साखरप्याला उतरतो. एक फाटा अणुस्कुऱ्याच्या घाटाने राजापूरकडे जातो, एक पांढरेपाणी, गजापूरवरून विशाळगडाकडे. या सगळ्यांच्या आजूबाजूला शेतात शिरणाऱ्या पाणंदी. सकाळी कोल्हापूरला कामाला आणि रविवारी पावनखिंडीकडे जाणारा माणूस एकाच टायरवर चार तऱ्हेची जमीन तुडवतो.

त्यातली मातीही एक नाही. पूर्वेकडे, उसाच्या पट्ट्यात, काळी माती. हिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि रबराला अशी चिकटते की नक्षीतल्या फटी दहा-वीस मीटरांत बुजून जातात. मग टायर कितीही खोल नक्षीचा असो, तो गोटाच. पश्चिमेला जसजसं आंब्याकडे जावं तसा जांभा सुरू होतो. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला हा सच्छिद्र दगड. त्याची तांबडी माती काळ्या मातीइतकी फुगत नाही, चिकटतही नाही, पाणी लवकर सोडते. पावसाळ्यात तिच्यावरून गाडी बऱ्यापैकी निघते. फसवतो तो उघडा जांभ्याचा कातळ. जुलैत त्याच्यावर शेवाळ धरतं, आणि उन्हाळ्यात त्याचे सुटे गोल खडे चाकाखाली घरंगळतात. या दोन मुलखांच्या मधे भातखाचरं आहेत. लावणीच्या दिवसांत खाचरातून निघालेला ट्रॅक्टर चाकांना लागलेला सगळा चिखल डांबरावर सांडत जातो.

आता टायरकडे येऊ. जमिनीला टेकणारा त्याचा भाग जेमतेम तळहाताएवढा. त्या तळहातात किती रबर आणि किती मोकळी जागा, यावर जवळजवळ सगळं ठरतं. रस्त्याच्या टायरमध्ये रबर जास्त, फटी थोड्या आणि उथळ. त्यामुळे डांबरावर पकड भरपूर, पण चिखलात फटी लगेच बुजतात. बटन टायरमध्ये ठोकळे उंच आणि लांब लांब. ते मऊ जमिनीत रुततात, आणि चाक फिरताना मधल्या मोकळ्या जागेतला चिखल बाहेर फेकला जातो. हे साफ होणं चाकाच्या वेगावर आहे. म्हणून काळ्या चिखलात अगदी हळू, अडखळत चालवलं तर चांगला बटन टायरही भरून बसतो. रानाच्या गाड्यांना पुढचा मडगार्ड उंचावर असतो तो याचसाठी, नाहीतर चिखल मधे अडकून चाकच थांबेल.

उंच ठोकळ्यांची किंमत डांबरावर मोजावी लागते. वळणात गाडी झुकली की ठोकळे वाकतात आणि गाडी हलल्यासारखी वाटते. ब्रेक दाबला की ते दुमडतात. ओल्या डांबराला टेकलेलं रबर मुळातच कमी. ओल्या कातळावरही तेच. तिथे ठोकळ्याला रुतायला जागाच नसते, काम करतं ते मऊ रबर आणि कमी हवा.

माझं ठाम मत इथे येतं. मलकापूरच्या गाडीवाल्याला खरा धोका चिखलाचा नाही. पाणंदीत गाडी आडवी झाली तर कपडे माखतात, फार तर लिव्हर मोडतो, कारण वेग दहा-पंधराचा असतो. धोका आहे तो आंबा घाटातल्या ओल्या वळणाचा, जिथे समोरून ट्रक येतोय, डांबरावर डिझेल सांडलंय आणि कडेला मातीचा थर आहे. रस्ता रुंदीकरणासाठी वळवलेला असेल तिथे डांबर संपून अचानक खडी लागते, ती वेगळीच. तेव्हा टायर निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की ओल्या डांबरावर हा कसा थांबतो. चिखल त्यानंतर.

दुकानदार ५०-५०, ७०-३० असे आकडे सांगतात. पहिला आकडा रस्त्याचा, दुसरा रानाचा. याचं कुठलंही अधिकृत मोजमाप नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने सांगते. तरी दिशा कळायला ते पुरेत. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली आणि हिरोची एक्सपल्स २०१९ साली. दोन्हींना कंपनीकडून सिएटचे ग्रिप एक्सएल टायर आले. मध्यम ठोकळ्यांचे, दोन्हीकडचे. ज्याचं बहुतेक फिरणं महामार्गावर आहे आणि महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी गजापूरची वाट आहे, त्याने या वर्गाच्या पलीकडे जायची गरज नाही. आणखी आडदांड टायर घालून तो रोजच्या रस्त्यावरची पकड घालवतो, आणि टायर झिजतोही लवकर.

मात्र पुढचं आणि मागचं चाक एकाच मापाने तोलू नये. मागचं चाक घसरलं तर गाडी शेपूट हलवते आणि बऱ्याचदा सावरते. पुढचं घसरलं की माणूस खाली. शिवाय मागच्या टायरवर इंजिनाचा जोर असल्याने तो पुढच्यापेक्षा खूप आधी संपतो. म्हणून ज्यांना रान थोडं जास्त हवं आहे, त्यांनी पुढे जरा मोकळ्या नक्षीचा आणि मागे रस्त्याकडे झुकणारा टायर घ्यावा. लोक नेमकं उलटं करतात. दूध घालायला, शेतावर जायला वापरतात त्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला मागे बटन टायर बसवतात आणि पुढे उभ्या रेघांचा जुनाच ठेवतात. चढाला गाडी उठते खरी, पण उताराच्या चिखलात पुढचं चाक रेघेवरून सरकत जातं. मागे बटन घातलं तर पुढेही ठोकळ्यांचाच टायर हवा. आणि एका चाकाला रेडियल, दुसऱ्याला साधा, असं कंपनीने सांगितल्याशिवाय करू नये. दोघांची वळणातली वागणूक वेगळी असते.

माप बदलायचा मोह टाळा. हिमालयन ४११ चं मागचं माप १२०/९०-१७, एक्सपल्सचं १२०/८०-१८. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, रुंदीच्या किती टक्के उंची. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. हिशोब केला तर दोन्ही चाकांचा बाहेरचा व्यास ६५० मिलिमीटरच्या आसपासच येतो, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चढणार नाही. पुढे दोघींना ९०/९०-२१. एवढं मोठं चाक दगडावरून आणि खड्ड्यातून सहज जातं, म्हणून ते दिलंय. मागे दिसायला भारी म्हणून १४० चा टायर १२० च्या रिमवर चढवला तर तो चिमटल्यासारखा बसतो. त्याचा माथा जास्त गोल होतो, गाडी वळायला जड होते, कधी चेनला घासतो. मापापुढचा आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं. ५४ म्हणजे २१२ किलो. पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८०. मागे माणूस आणि सामान नेणाऱ्यांनी हा वजनाचा आकडा कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ देऊ नये.

हवेबद्दल थोडं सविस्तर, कारण फुकटात मिळणारी पकड तीच. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा डांबरासाठी, आणि तो थंड टायरवर मोजायचा. महामार्गावरून तापून आलेल्या टायरमध्ये हवा जास्त दाखवते, ती काढून टाकू नये. खडी किंवा कातळ लागला की त्यातून पाच-सहा पीएसआय कमी करावी. टायर जरा पसरतो, दगडाला धरतो, हादरे गिळतो. याहून फार खाली गेलात तर ट्यूबच्या गाडीत दोन धोके. दगडावर आदळून रिम आणि दगडामधे ट्यूब चिमटते, किंवा टायर रिमवर सरकून व्हॉल्व्ह उपटला जातो. परत डांबरावर आलात की हवा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर घाटात डगमगतो आणि आतून तापून लवकर खराब होतो. म्हणजे सोबत छोटा पंप आणि हवा मोजायचं मीटर हवंच. आंब्याच्या पुढे रानात हवा भरायचं दुकान शोधत बसावं लागू नये.

महामार्गावर खूप चालणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध सपाट होतो, कडा तशाच राहतात. वरवर पाहिलं तर नक्षी शिल्लक दिसते. पण घाटात झुकताना गाडी त्या सपाट भागाच्या कडेवरून अचानक पडल्यासारखी कलते. हे जाणवू लागलं की झीज दाखवणाऱ्या खुणेपर्यंत थांबू नका, पावसाळ्याआधी बदला. मे महिन्यात बदललेला टायर बरा. पहिल्या पावसात नवा कोरा टायर घेऊन घाटात जाऊ नये. नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपूनच चालवावं.

दुकानात टायर हातात घेतलात की त्याच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे शोधा. २३२५ असेल तर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. तीन-चार वर्षं माडीवर पडून राहिलेला टायर नवा म्हणून विकला जातो. रबर तोवर कडक झालेलं असतं, आणि कडक रबर ओल्या जांभ्यावर कुठल्याही नक्षीने धरत नाही. तसा असेल तर सरळ दुसरा मागा. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर आहे ना, तेही उभं राहून बघा. पुष्कळदा चाक उलटं बसवलं जातं.

ट्यूब की ट्यूबलेस, साध्या स्पोकच्या रिमवर ट्यूबलेस का टिकत नाही, आणि रानात एकट्याने पंक्चर कसं काढायचं, हे पुढच्या आठवड्यात.