मधला रिकामा दिवस

ऑगस्टचा पहिला आठवडा होता, पण कोलकात्याच्या बेहाल्यातल्या आमच्या घरात कालनिर्णयचं ऑक्टोबरचं पान उघडलेलं होतं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधीच मिळतं, सकाळी आठच्या ठोक्याला. जायचं तिकीट काढायचं तर परतीची तारीख ठरायला हवी, आणि घोडं तिथेच अडलं होतं. खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं हे पक्कं होतं. राहायचं किती दिवस, ते ठरेना. अकरा वर्षांच्या मोठीला तीन दिवस पार्कच हवा होता. नवऱ्याचं म्हणणं, पार्क एका दिवसात उरकतो, मग पुढे अलिबागला जाऊ. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "तिथून महडचा वरदविनायक किती लांब गं?" धाकटा सहा वर्षांचा. त्याला कुणी काही विचारलंच नाही.

मी कपाटातून एक वही काढली. आदल्या डिसेंबरात आम्ही सॉल्ट लेकच्या निक्को पार्कात एक पूर्ण दिवस काढला होता, आणि त्या दिवसाच्या वेळा मी पेन्सिलने टिपून ठेवल्या होत्या. कोलकात्यातल्या मुलांच्या दोन पिढ्या या पार्कात वाढल्या. 1991 पासून तो सुरू आहे. बेहाल्याहून निघून बायपासने तिथे पोहोचायला आम्हाला सव्वा तास लागला. 10.40 ला आत शिरलो. पहिल्या तासात धाकट्याच्या तीन राइड झाल्या, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात एक. रांगा तेवढ्याच होत्या. त्याचे पाय थकले होते. 1.15 ला जेवण. 2.20 ला पाण्याची बाटली ताईने आधी घेतली म्हणून तो जमिनीवर बसून रडला. त्यानंतरची नोंद एकच आहे: "झोपला, आजीच्या मांडीवर, तळ्याकाठी, 3 ते 4.10." मोठी त्या वेळात लाकडी रोलर कोस्टरच्या रांगेत तिसऱ्यांदा उभी होती आणि संध्याकाळी सहालाही निघायला तयार नव्हती.

त्या पानावर आणखी एक गोष्ट होती, जी मी तेव्हा लिहिली आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. धाकटा साडेदहापर्यंत झोपला, दुपारी अंगात कणकण होती, आणि मोठीने दिवसभर कशालाही सरळ उत्तर दिलं नाही. सासूबाईंचे गुडघे सोमवारपर्यंत दुखत होते. पार्कचा एक दिवस आमच्या घराला दोन दिवसांना पडतो, हे त्या वहीत स्पष्ट लिहिलेलं होतं.

ओळखीतले लोक परदेशातले दाखले देतात. आठवडा तरी हवाच, म्हणतात. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला आठवडा लागणारच. 1971 साली सुरू झालेल्या त्या जागेत आज चार मोठे पार्क आहेत आणि वॉटर पार्क वेगळे. खोपोलीला थीम पार्क एक, 2013 चा, आणि शेजारी वॉटर पार्क एक. तोच हिशोब इथे लावला, तर तिसऱ्या दिवशी मुलं त्याच राइडवर त्याच रांगेत उभी राहतात आणि आईवडील पैसे वसूल व्हावेत म्हणून त्यांना ओढत नेतात. मला ते मान्य नाही. आणि एका दिवसात उरकून दुसऱ्या सकाळी पुढचं गाव गाठणं त्याहून वाईट.

गर्दीचा प्रश्न मात्र कोलकात्यात राहणाऱ्या मराठी घराला सोपा जातो. आमच्या मुलांच्या शाळेला दुर्गापूजेपासून भाऊबीजेपर्यंत सलग सुट्टी असते. महाराष्ट्रातल्या शाळा मात्र दसरा उरकून पुन्हा भरतात आणि दिवाळीपर्यंत चालू असतात. कोजागिरी आणि धनत्रयोदशी यांच्या मधला मंगळवार किंवा बुधवार पकडला, की पार्कात रांगा कमी आणि पाऊसही बहुतेक परतलेला. रांगा कमी असल्या की एका दिवसात मनाजोगतं फिरून होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बौदी, पूजो संपल्यावर एवढं लांब?" त्यांना कालनिर्णय दाखवलं, तेव्हा पटलं.

मग मी उलटीकडून मोजायला लागले. हावड्याहून गीतांजली दुपारी सुटते आणि दुसऱ्या रात्री कल्याणला सोडते. परतीला ती पहाटे मुंबईहून निघून दुसऱ्या दुपारी हावड्याला. दोन रात्री गाडीत. कल्याणला माझी मावशी, तिच्याकडे एक रात्र जाताना, एक येताना. ती नसती तरी ती रात्र लागलीच असती, कारण गाडीत 30 तास बसून आलेलं मूल लगेच पार्कात नेऊ नये. उरल्या खोपोलीच्या रात्री. सोमवारी दुपारी लोकलने कर्जतमार्गे पोहोचायचं, मंगळवारी पार्क, बुधवारी काहीच नाही, गुरुवारी परत. "काहीच नाही" असं मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहिलं. नवरा म्हणाला, "हा दिवस काढून टाकला तर रजा वाचेल." मी वहीचं पान त्याच्यापुढे सरकवलं.

मंगळवारी, 14 ऑक्टोबरला, पार्कात धाकटा 2.45 पर्यंत टिकला. डिसेंबरपेक्षा 25 मिनिटं जास्त. मग तो आणि मी खोलीवर आलो. मोठी बाबांबरोबर थांबली आणि नायट्रो रोलर कोस्टरवर दोनदा बसली. बुधवारी सकाळी सासूबाई रिक्षाने महडला गेल्या. तिथला नंदादीप 1892 पासून तेवतो आहे असं सांगतात; तो पाहून त्या आल्या तेव्हा मुलं नुकती उठत होती. दुपारभर दोघं पलंगावर बसून कालच्या दिवसाचा नकाशा काढत होती, कोणती राइड कुठे, कोण कुठे घाबरलं. पार्क त्यांच्या मनात बसला तो त्या दुपारी, असं मला वाटतं. पालीच्या गणपतीचं दर्शन मात्र राहून गेलं, सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं नाही.

धनत्रयोदशीला दुपारी आम्ही हावड्याला उतरलो. सात रात्री, पार्कचं तिकीट एका दिवसाचं.

तुमच्याकडे असा बेत शिजत असेल, तर आरक्षण उघडायच्या आधी घरातल्या सगळ्यांत धाकट्या लेकराला गावातल्याच पार्कात एक दिवस न्या. ते पहिल्यांदा रडलं ती वेळ लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी ते किती वाजता उठलं तीही.