तंबोऱ्याचा स्वर भिंतीवर दिसला तर? मिरजेच्या 'जवारी'ला रंगांची साथ

अंधारलेली खोली. मध्ये एक तंबोरा. तुम्ही तार छेडता आणि समोरच्या भिंतीवर रंगांचे पट्टे उजळतात. स्वर विरत जातो तसे रंगही विझतात. पाहणाऱ्याने हात लावल्याशिवाय अशी कलाकृती पूर्णच होत नाही. हे प्रदर्शन मांडायला मिरजेइतकी योग्य जागा नाही, असं आम्हाला वाटतं. का, ते पाहू.

आवाजाला रंग असतो का?

सरळ उत्तर : नाही. आवाज म्हणजे हवेचं कंपन. माणसाला सेकंदाला साधारण 20 ते 20,000 कंपनं ऐकू येतात. प्रकाशाची कंपनं मात्र सेकंदाला 400 लाख कोटींच्या पुढची! त्यामुळे कोणत्या स्वराला कोणता रंग द्यायचा, हे शेवटी माणूसच ठरवतो.

तसे प्रयत्न फार जुने आहेत. नवव्या शतकात बगदादहून कॉर्डोबाला गेलेला संगीतकार झिरयाब 'ऊद' वाद्याच्या तारा रंगवत असे, असं इतिहासकार अल-मक्करी सांगतो. युनानी वैद्यकातल्या पित्त, रक्त, कफ अशा दोषांशी त्या रंगांचा मेळ घातलेला होता. न्यूटनने इंद्रधनुष्याचे सात रंग मोजले, त्यामागेही सात स्वरांचा विचार होता. आपल्याकडे दख्खनच्या चित्रकारांनी रागमाला चित्रांतून राग रंगवले.

जवारी म्हणजे काय?

आता मिरजेकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हत्यारांचं काम सोडून तंबोरे घडवायला सुरुवात केली. पुढे ही मंडळी 'सतारमेकर' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं.

भोपळा, लाकूड, तारा हे साहित्य मिळवता येतं. खरी कसब आहे ती जवारी काढण्यात. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा कारागीर इतका हलकासा गोलावतो की, कंप पावणारी तार त्याला निसटता स्पर्श करत राहते. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. ती सापडली की एका स्वरातून अनेक वरचे स्वर फुटतात आणि तंबोरा 'बोलू' लागतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये या घोडीच्या करामतीवर शोधनिबंध लिहिला होता.

अडचण एकच, जवारी कानाने कळते. ती पुस्तक वाचून येत नाही. उस्तादाजवळ वर्षानुवर्षं बसावं लागतं. मोबाइलमध्येच तंबोऱ्याचं अ‍ॅप मिळत असताना घरातली पोरं तेवढी वर्षं देतील का, हा प्रश्न आहे.

मांडणी कशी करायची?

इथे रंग कामाला येतात. भोपळ्याला छोटा पिकअप चिकटवायचा, म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी शिरतो. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर आवाजातले खालचे-वरचे स्वर वेगळे करतं आणि प्रोजेक्टर प्रत्येकाचा पट्टा भिंतीवर टाकतो. 'प्युअर डेटा', 'प्रोसेसिंग' अशी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. धागा चुकीच्या जागी असेल तर मोजकेच पट्टे उजळतील. जागेवर आला की वरचे पट्टेही पेटतील. जे कळायला कान तयार व्हावा लागतो, त्याची पहिली ओळख लहान मुलालाही डोळ्यांनी होईल.

काही पथ्यं मात्र पाळायला हवीत. तार छेडल्याबरोबर रंग दिसला पाहिजे. उशीर झाला तर दोन्हींचा संबंधच कळत नाही. भगभगता प्रकाश नको, फिट येणाऱ्यांना तो त्रासदायक ठरतो. रंग नीट न ओळखता येणाऱ्यांसाठी पट्टे कमी-जास्त उंचीचे ठेवावेत. ऐकू न येणाऱ्या मुलांना तर भोपळ्यावर हात ठेवून कंपन जाणवेल आणि समोर रंग दिसतील.

परंपरा आपलीच

कान आणि विज्ञान यांची भेट आपल्या भागात नवी नाही. 1910 च्या सुमारास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी श्रुतींची मोजदाद केली, तेव्हा स्वर लावून दाखवायला उस्ताद अब्दुल करीम खाँ होते. खाँसाहेब आज मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. दरवर्षी उरुसात तिथे गायक हजेरी लावतात.

संगीताबद्दल समाजात वेगवेगळी मतं आहेत, त्या वादात आम्ही शिरत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्यांची ही कारागिरी आपल्या माणसांची कमाई आहे, यावर दुमत नसावं. म्हणून आमचं सांगणं इतकंच : सातारा-सांगलीच्या एखाद्या शाळेने विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग जरूर करावा. मात्र कोणत्या स्वराला कोणता रंग, हे संगणकवाल्याने एकट्याने ठरवू नये. सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या उस्तादांना बोलवावं, धागा त्यांच्या हाताने सरकू द्यावा आणि पोरांना शेजारी बसवावं.