ऑइल नवं, गाळ जुना

महागावात जुनी मोटरसायकल घेणारा माणूस आधी टायर पाहतो, मग टाकीवर टिचकी मारतो, मग आरसी बुक मागतो. किक मारून आवाज ऐकतो, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून धूर येतो का ते बघतो. ऑइलची पाळी आली की डिपस्टिक काढायची, बोटावर एक थेंब घ्यायचा, ‘साफ आहे’ म्हणायचं, झालं. गाडी विकायच्या आदल्या दिवशी ऑइल बदलायला चार-पाचशे रुपये लागतात. रंग मारण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि गिऱ्हाइकाला तेवढ्याने समाधान वाटतं.

शेजारच्या मुलाने पुसदला जायला-यायला शंभर सीसीची एक गाडी पसंत केली. इसार देऊन झाला होता. गॅस्केट आणि ऑइलचा खर्च आपण करायचा, या बोलीवर मालकाने इंजिन उघडायला होकार दिला आणि आम्ही गाडी हायवेवरच्या गॅरेजमध्ये नेली. नागपूर-तुळजापूर रस्ता महागावातून जातो; त्याच्या कडेला अशी पत्र्याची गॅरेजं बरीच आहेत.

मिस्त्रींनी आधी गाडी पाच मिनिटं चालू ठेवली. थंड ऑइल काढलं तर ते घट्ट असतं, गाळ तळाशीच राहतो. मग डबल स्टँड, 17 चा पाना, आणि खाली उभा कापलेला पाच लिटरचा कॅन. बोल्ट सुटल्यावर ऑइल आलं ते सोनेरी. मिस्त्रींनी आमच्याकडे पाहिलं.

“ऑइल तं नवं हाय. गाडी चाळीस हजार फिरलेली, अन् ऑइल कालचं. पोट पाहावं लागन.”

तरी त्यांनी ते ऑइल धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून गाळलं आणि फडकं उन्हात धरलं. करड्या रंगाची बारीक चमक दिसत होती, बोटांत चोळली तर कण जाणवत नव्हते. स्पीकरमधून काढलेलं एक चुंबक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावर फिरवलं. पिशवीवर पातळ काळा लेप आला. पिशवी उलटली की तो पुसून निघतो, चुंबक कोरडंच. मुलाचा चेहरा उतरला. “घाबरू नका भाऊ, इतकं तं नव्या गाडीतबी निंगते.”

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मोटरसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल पुरतं, आणि तेही जेमतेम एक लिटर. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. इथे गिअरचे दात एकमेकांवर घासून जे लोखंड झिजतं ते इंजिनाच्याच ऑइलात येतं, क्लच प्लेटचा भुगाही तिथेच. नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग 500 ते 750 किलोमीटरला सांगतात ती याचसाठी. चमक दिसली म्हणून इंजिन गेलं असं धरू नये. कण केवढा, कोणत्या धातूचा आणि कुठे सापडला, हे बघावं लागतं.

मग उजवं कव्हर उघडलं. हिरो होंडाची सीडी 100 ही 1985 साली आली आणि स्प्लेंडर 1994 साली. या गाडीचं इंजिनही त्याच घडणीचं; त्यात कागदी फिल्टर नसतो. आत एक जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला एक गोल डबी. क्रँकबरोबर ती मिनिटाला हजारो फेरे घेते, त्यामुळे ऑइलातलं जे जड असेल ते कडेला फेकलं जाऊन तिथेच थिजतं. ऑइल कितीदा बदललं तरी डबीतला गाळ निघत नाही. विकणारा बोल्ट उघडतो, डबी कोण उघडतो? कव्हर काढायचं म्हणजे किक सोडवा, गॅस्केट फाडा, डबीचे स्क्रू ठोकून सैल करा. बऱ्याच सर्व्हिसिंगमध्ये हे होतच नाही.

डबीच्या कडेला काळा गाळ दगडासारखा बसलेला होता. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरने तो खरवडून झाकणात घेतला, थोडं पेट्रोल ओतून ढवळला आणि चुंबक फिरवलं. लोखंड निघून गेल्यावर खाली जे उरलं त्यात पांढरी चमक होती, चुंबकाने अजिबात न हलणारी. म्हणजे ॲल्युमिनियम: पिस्टन, ऑइल पंपाची बॉडी, नाहीतर केसिंग. जाळीत रबराचे काळे तुकडे होते, ते टायमिंग चेनच्या रोलरचे. सोनेरी कण असते तर बुश झिजला म्हणायचं. एका बाजूने लखलखीत पातळ पापुद्रे असते तर बेअरिंग, आणि मग गाडी परत करायची. पापुद्रे दिसले नाहीत. ऑइल पांढरट झालेलं असेल तर पाणी शिरलेलं असतं. इथे तेही नव्हतं.

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनाचं ऑइल असंच तपासतात, फक्त तिथे स्पेक्ट्रोमीटर असतो. अमेरिकेतल्या रेल्वेने 1940 च्या दशकात ही पद्धत सुरू केली. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम दहा लाख भागांत किती, ते यंत्र सांगतं. गंमत अशी की साधारण दहा मायक्रॉनहून मोठा कण त्या यंत्राला नीट सापडत नाही, आणि आपल्या डोळ्याला चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या खालचा दिसत नाही. फडक्यावर दिसणारा तुकडा यंत्राला चुकतो, यंत्राला दिसणारी झीज फडक्याला. म्हणून मिस्त्रींचं फडकं मी अडाणी उपाय मानत नाही. तुटायला आलेला भाग मोठेच तुकडे टाकतो.

ॲल्युमिनियम आलं कुठून, याचा शोध एअर फिल्टरपाशी लागला. फोम फाटला होता. आपल्याकडे उन्हाळ्यात शिवारातल्या पांदणीची धूळ गुडघाभर उडते. ती अशी फटीतून इंजिनात गेली की तिच्यातली बारीक रेती बोअर आणि पिस्टन दोन्ही घासते. त्यात तिघं जण आणि वर सोयाबीनचं पोतं. बोअर घासला की ऑइल जळायला लागतं; लिटरभर ऑइलातलं दोनशे मिली जळलं तर पाचवा हिस्सा गेला, आणि ते कुणी मोजत नाही.

बोअर-पिस्टन, रोलर आणि फोम यांचा खर्च मिस्त्रींनी एका कागदावर लिहून दिला. तेवढी रक्कम मालकाने किमतीतून कमी केली, थोडी कुरकुर करून. बोअरचं काम झाल्यावर पहिलं ऑइल 500 किलोमीटरला काढायचं, ते पुन्हा फडक्यातून गाळायचं आणि हे जुनं फडकं त्याच्याशेजारी ठेवून पाहायचं, असं ठरलं. काढलेलं ऑइल नालीत ओतू नका, सेंट्रिंगवाल्यालाही देऊ नका. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. गॅरेजच्या ड्रममध्येच ते जाऊ द्या.

जुनी गाडी घेताना मालकाला आधीच सांगा की बोल्ट उघडणार, आणि जमलं तर उजवं कव्हरही. ऑइल आणि गॅस्केटचे पैसे तुम्ही भरा. तरीही तो नाही म्हणाला, तर इसार देऊ नका आणि दुसरी गाडी बघा.