स्मृतीचा खर्च

पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारी, जेमतेम ३ मिलिमीटर लांबीची फळमाशी (ड्रॉसोफिला) एखादी गोष्ट लक्षात ठेवण्यासाठी काय मोजते, हे प्रयोगशाळेतील साध्या नळीत पाहता येते. माशांचा थवा नळीत घेऊन तिच्यात एक वास सोडतात व त्याच वेळी माशांना धक्का देतात. मग स्वच्छ हवा खेळवून दुसरा वास सोडतात, पण या खेपेस धक्का नसतो. मध्ये विश्रांती देत हेच पुन्हापुन्हा केले, की दुसऱ्या दिवशी, दोन बाजूंनी दोन वास येणाऱ्या नळीच्या तिठ्यावर सोडलेल्या बहुतेक माशा धक्क्याचा वास टाळून दुसरीकडे वळतात. तेवढेच धडे विश्रांतीविना उरकले, तरी काही आठवण टिकते. मात्र तिला नवी प्रथिने लागत नाहीत. विश्रांतीच्या अंतराने घडणाऱ्या दीर्घकालीन स्मृतीसाठी ती घडवावीच लागतात, आणि प्रथिननिर्मिती हे पेशीचे अत्यंत खर्चिक काम आहे.

हा खर्च फ्रेडरिक मेरी आणि टाडेउश काव्हेत्स्की यांनी २००५ साली उघड केला. शिकलेल्या माशा अन्नपाण्याविना ठेवल्या असता, दीर्घकालीन स्मृती साठवणाऱ्या माशा इतरांपेक्षा सरासरी सुमारे ४ तास आधी मेल्या. विश्रांतीविना शिकलेल्या माशांनीही धक्के सोसलेच होते, पण त्यांच्यात ही घट आढळली नाही. तेव्हा दोष धक्क्यांकडे जात नाही. एरवी क्षुल्लक वाटणारे हे ४ तास त्या उपाशी माशांच्या उरलेल्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा होते. पुढे २०१३ मध्ये प्लासे आणि प्रेआ या फ्रेंच संशोधकांना आढळले, की उपाशी माशीचा मेंदू अशी खर्चिक स्मृती घडवण्यात स्वतःहून हात आखडता घेतो, आणि ती बळेच घडवायला लावली, तर माशी लवकर मरते. इतक्या चिमुकल्या मेंदूत जगणे आणि आठवणे यांतील ही निवड व्हावी, हे खरोखर थक्क करणारे आहे.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतही हाच व्यवहार दिसतो. चांगले शिकणाऱ्या माशांची निवड करत नेलेल्या वंशाचे आयुर्मान घटले, तर दीर्घायुष्यासाठी निवडलेल्या माशा तरुणपणी शिकण्यात मागे पडल्या, असे २००८ मधील अभ्यासात दिसले.

तथापि, दीर्घायुष्य म्हणजे दुबळी स्मृती, असा सरधोपट निष्कर्ष काढणे चूक ठरेल. सीनॉरॅब्डायटिस एलेगन्स या केवळ ३०२ चेतापेशी असलेल्या, १ मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत डॅफ-२ या जनुकातील बदलाने आयुष्य दुपटीहून अधिक वाढते, हे सिंथिया केनियन यांच्या गटाने १९९३ मध्ये दाखवले. अशा कृमींची स्मृती कोलीन मर्फी यांच्या गटाने तपासली, तेव्हा ती सामान्य कृमींपेक्षा अधिक काळ टिकलेली आढळली. उलट, कमी खाल्ल्यामुळे दीर्घायुषी झालेल्या कृमींची दीर्घकालीन स्मृती तारुण्यात कमकुवत होती, परंतु शिकण्याची त्यांची क्षमता वयाबरोबर सामान्य कृमींइतकी लवकर ढासळली नाही.